मातकट फिंजान

ते १९९७ साल होतं. नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार. फुजैऱ्याच्या समुद्रावरून नुकताच कुठे गार वारा सुटू लागला होता, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या स्वयंपाकघरात कावेरी परातीत कणीक घेऊन बसली होती. साधीसुधी कणीक नव्हती ती... प्रभुभोजनाच्या भाकरीची होती! महिन्यातून एकदाच, पहिल्या शुक्रवारी, दुबईहून पाळकसाहेब डोंगर ओलांडून येत, आणि ज्या भाड्याच्या व्हिलात फुजैऱ्यातली ख्रिस्ती मंडळी जमत, तिथे प्रभुभोजन होई. गेली आठ वर्षं त्या दिवशी मोडली जाणारी भाकर कावेरीच्याच हातची असे. ती मळताना ती कुणाशी बोलत नसे, मनातल्या मनात स्तोत्र म्हणे, आणि त्या तासाभरात तिला वाटे की या जगात आपल्यालाही एक जागा आहे, जी कुणी आपल्याकडून हिरावून घेऊ शकत नाही.

"कावेरी, ऊठ." सासूबाई दारात उभ्या होत्या. "आजची भाकर नीमा करील."

कावेरीने मान वर केली.

"का, आई? माझ्या भाकरीत काही खोट निघाली?"

"खोट कसली गं! आठ वर्षं केलीस. आता जरा धाकटीला करू दे."

सासूबाईंच्या मागे नीमा उभी होती. उंच, सावळ्याच्याही पलीकडची काळीभोर, केस बारीक वेण्यांत घट्ट विणलेले. सुजीतची बायको. कावेरीची जाऊ! "जाऊबाई, मी करते. तुम्ही बसा, प्लीज," ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, आणि तिची नजर नेहमीसारखीच कावेरीच्या हातांवर खिळली. लग्न होऊन आल्या दिवसापासून ही बाई आपल्या हातांकडे अशीच बघते, कावेरीने कितीदा टिपलं होतं... या चार सोन्याच्या बांगड्यांवर डोळा आहे हिचा!

ती उठली, आणि नळाखाली हात धरताना तिच्या डोळ्यांतून टपटप आसवं गळू लागली.

सुजीत तिचा दीर होता, पण तिने त्याला दीर म्हणून वाढवलं नव्हतं. नगर जिल्ह्यातल्या त्या घरात ती लग्न होऊन आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, सासरे वारलेले, आणि सासूबाई बायबलबाई म्हणून गावोगाव बायबल शिकवत हिंडणाऱ्या. कावेरी तेव्हा मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होती, एकच वर्ष उरलं होतं. त्याच पावसाळ्यात सुजीतला सांध्यांचा ताप आला, तो हृदयापर्यंत गेला, आणि डॉक्टर म्हणाले, वर्षभर या मुलाला अंथरुणातून हलू द्यायचं नाही. कुणी तिला सांगितलं नव्हतं, कुणी गळ घातली नव्हती... तिने आपणहून पांढरा गणवेश घडी करून पेटीत ठेवला, तो पुन्हा कधी बाहेर काढला नाही. पुढे तिच्या पोटी मूल झालं नाही, त्याचंही तिने फारसं दुःख केलं नाही. सुजीत होता ना!

नवरा सदानंद बंदरावर गोदाम सांभाळायचा. त्यानेच पुढे सुजीतला इकडे आणलं, टाक्यांतलं तेल मोजण्याच्या कामाला लावलं. आणि एका दुपारी उन्हाने चक्कर येऊन पडलेला सुजीत हॉस्पिटलात गेला, तो तिथून नीमाला घेऊनच परतला म्हणायचा. टांझानियाची नर्स. पांढऱ्याशुभ्र गणवेशातली! कावेरीला तिचा रंग पहिल्यांदा दिसलाच नव्हता, दिसला होता तो तो गणवेश.

मे महिन्यात लग्न झालं. हळदीच्या दिवशी मंडळीतल्या प्रमिलाबाई, मूळच्या पुण्याच्या, एका मोठ्या इंजिनिअरच्या पत्नी, तोंडाला पदर लावून म्हणाल्या होत्या, "हळद लावताय खरी, पण दिसणार कुठे?" बायका खुदखुदल्या. कावेरीही हसली. हसतानाच तिला आत काहीतरी टोचलं, पण हसू आवरावंसं तिला वाटलं नाही, हे मात्र खरं.

त्यात सासूबाई गावाहून व्हिजिटवर आल्या आणि धाकट्या सुनेवर अशा भाळल्या! नीमा त्यांचे पाय चेपायची, रक्तदाब बघायची, आणि तिच्या मुलखातही चपातीला चपातीच म्हणतात हे कळल्यावर तर सासूबाईंना आकाश ठेंगणं झालं. "अगं कावेरी, हिची चपाती बघ, पदर सुटतात!" कावेरी बघायची, आणि तिच्या काळजाला एकेक पदर सुटत जायचा.

त्या शुक्रवारी नीमाची भाकर वेदीवर मांडलेली पाहून कावेरीने डोळे मिटून घेतले. पण त्या दिवशी आणखीही एक गोष्ट घडली.

त्या व्हिलातल्या हॉलमध्ये कुणी जागा नेमून दिल्या नव्हत्या, तरी प्रत्येकाला आपली जागा ठाऊक होती. पुढच्या दोन रांगांत गोरी कुटुंबं, मग इंजिनिअर, अकौंटंट, त्यांच्यामागे आपल्यातले बाकीचे, आणि अगदी शेवटी, चपलांच्या रॅकपाशी, जिथे एसी गळायचा तिथे, आफ्रिकेतली माणसं आणि घरकामाच्या बायका. प्रभुभोजनाचा चांदीचा पेला पुढून सुरू होई आणि मागे जाईपर्यंत तळाला टेके. नीमा लग्नाआधीपासून त्या शेवटच्या रांगेत बसे, आणि लग्नानंतर सुजीतही तिथेच जाऊन बसू लागला होता. पाळकसाहेब तिरुनेलवेलीचे, रंगाने काळेसावळे, मिस्कील. पेला हातात घेऊन ते म्हणाले, "आजपासून मागच्या रांगेने आधी यायचं. पुढच्यांनी नंतर. मलाही देवाने याच रंगाचं केलंय, वेदीमागे उभा नसतो तर तुम्ही मलाही रॅकपाशीच बसवलं असतं!"

कुणी हसलं नाही.

उपासना सुटल्यावर पार्किंगमध्ये प्रमिलाबाईंनी कावेरीला गाठलं. "बघितलंस? आधी ते सगळे ओठ लावणार, मग आपण. तसं नाही हं माझ्या मनात काही... पण हायजिन म्हणून काही आहे की नाही? आपल्याकडे गावी कशा छोट्या छोट्या पेल्या असतात, ज्याची त्याची वेगळी."

"असतात," कावेरी म्हणाली.

"मग तूच आण ना! तयारी तुझ्याचकडे असते. कमिटीला मी सांगते."

भाकर गेली होती. निदान पेले तरी आपल्या हातात राहतील... कावेरी लगेच म्हणाली, "आणते मी."

बाजारात अलीमियाँचं भांड्यांचं दुकान होतं. मूळचे रत्नागिरीकडचे, पंचवीस वर्षं इथे. चिमुकल्या काचेच्या पेल्या त्यांच्याकडे नव्हत्या, पण कहवा प्यायचे फिंजान होते, बिनकानाचे, मुठीत मावणारे. सोनेरी काठाचे पांढरे फिंजान चव्वेचाळीस निघाले. उरलेले सहा त्यांनी मागच्या फळीवरून काढले, ते मातकट, जाड, काठाला रंग नसलेले.

"एवढे कशाला गं बाय?" अलीमियाँ फिंजान कागदात गुंडाळत म्हणाले. "घरी शेख जेवायला येतोय काय?"

"पन्नास माणसं आहेत, चाचा."

"मग चार फिंजान पुरतात की! अरबाच्या बैठकीत बघितलं नाहीस कधी? एकानं प्यायलं की त्यातच दुसऱ्याला ओततात. आधी शेख पितो, मग त्याचा ड्रायव्हर, फिंजान तोच. वेगळा मागितलास तर घरधनी नाराज होतो हो."

"आमच्यात तसं नाही," कावेरी म्हणाली, आणि का कोण जाणे, तिचा चेहरा तापला.

डिसेंबरचा पहिला शुक्रवार आला. पाळकसाहेबांनी ट्रे पाहून एक दीर्घ उसासा टाकला, म्हणाले, "कमिटीने ठरवलंय म्हणता? बरं. एक महिना करून पाहू." कावेरीने भिजवून गाळलेला मनुकांचा रस फिंजानांत ओतला. तीन ट्रे होते. बहुतेक पांढरे फिंजान दोन ट्रेंत दाटीवाटीने बसले, आणि उरलेले सहा मातकट तिसऱ्या ट्रेमध्ये, काही पांढऱ्यांच्या कडेला. तिसरा ट्रे कुठे जायचा ते तिला माहीत होतं. हातांनी केलं ते मनाने पाहिलं... आणि मनाने हातांना अडवलं नाही!

ट्रे फिरले. शेवटच्या रांगेत नीमाने मातकट फिंजान उचलला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुढच्या रांगेतल्या सोनेरी काठांकडे पाहिलं... आणि मान खाली घालून प्यायली. तिच्या शेजारी सुजीतचा हात अर्ध्यावर थांबला.

तेवढ्यात पुढच्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सासूबाई उठल्या होत्या. सत्तरीला आलेली ती म्हातारी गुडघ्यांवर हात टेकत, सगळ्या मंडळीदेखत, पार शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेली, आपला पांढरा फिंजान तिने ट्रेमध्ये परत ठेवला, आणि एक मातकट फिंजान उचलून ती नीमाच्या शेजारी बसली.

घरी आल्यावर सगळे जेवायला बसले. मटणाचा रस्सा ताटात निवत होता. सदानंद उगीच म्हणाला, "मीठ बरोबर पडलंय आज."

सुजीतने ताट सरकवलं. "वहिनी, तो ट्रे तूच लावला होतास ना?"

"पांढरे कमी पडले रे..."

"कमी पडले ते आमच्याच रांगेला कसे पडले?" त्याचा आवाज चिरकला. "माझ्या तापात तू मला दूध पाजायचीस, आठवतं? आधी स्वतः एक घोट घ्यायचीस, गरम आहे का बघायचीस, आणि मग तोच कप माझ्या तोंडाला लावायचीस. तेव्हा वेगळा कप नव्हता काढलास, वहिनी!"

"सुजीत, नको," नीमा हळूच म्हणाली.

"नको काय? कंपनी मला दार-ए-सलामच्या बंदरावर पाठवायला तयार आहे. इतके दिवस वहिनीसाठी नाही म्हणत होतो. रविवारी हो सांगतो. जानेवारीअखेर निघू. खलास!"

ज्याच्यासाठी आयुष्य उधळलं तो निघाला... आणि तोही हिच्यासाठी! मग इतके दिवस दाबून धरलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"जा! जा घेऊन हिला! माझा गणवेश हिच्या अंगावर, माझी भाकर हिच्या हातात, माझी सासू हिच्या शेजारी, आणि आता माझं पोरही हिचंच! ती काळी आहे म्हणून नाही रे सुजीत... देवाशपथ नाही! माझं सगळं तिने घेतलं म्हणून!"

आता सासूबाई बोलल्या, आणि त्यांचा आवाज अगदी शांत होता.

"असेल. जळत होतीस, ते दिसत होतं मला. माणूस जळतं, त्यात नवल नाही. पण जळताना हातात हत्यार कोणतं घेतलंस, कावेरी? रंगाचंच ना? ते बरं तयार पडलेलं सापडलं तुला."

"आई..."

"ऐक. आमच्या गावच्या देवळात दोन पेले होते. प्रभूच्या देवळात! आधी ख्रिस्ती झालेल्यांचा चांदीचा, आणि ओढ्यापलीकडच्या आमच्या वस्तीचा जस्ताचा. कुणी म्हणायचं नाही हो, की तुम्ही हलके. म्हणायचे, पेला एक पुरत नाही. माझी आई त्या जस्ताच्या पेल्यातून प्यायली, आणि घरी येऊन चुलीपुढे रडली. मी नऊ वर्षांची होते. आज माझ्या सुनेने पुन्हा तोच पेला मांडला... कमी पडले म्हणून!"

कावेरी भिंतीला टेकली. आणि समोर पाहते तो नीमा... या क्षणीही तिच्या हातांकडेच बघत होती!

"काय बघतेस?" ती किंचाळली. "बांगड्या हव्यात? एवढंच राहिलंय ना? घे, याही घे!"

तिने डाव्या हातातली बांगडी ओढली. बांगडी बोटांच्या सुजलेल्या पेरांवर अडली. तिने आणखी जोर केला, आणि वेदनेची अशी कळ उठली की ती मटकन खालीच बसली. नीमा धावली. तिने तो हात आपल्या दोन्ही काळ्या, थंड हातांत धरला आणि बांगडी हलकेच मागे सारली. "पोले, जाऊबाई... पोले, पोले," ती पुटपुटत होती. दुसऱ्याच्या दुखण्यावर हळहळताना तिच्या मुलखात तो शब्द म्हणतात.

"बांगड्या नाही गं बघत ती, वेडे!" सासूबाईंना आता रडू फुटलं. "बोटं बघते तुझी! मी इथे आले त्याच आठवड्यात मला म्हणाली, आई, जाऊबाईंच्या सांध्यांना सूज आहे, सकाळी त्यांची मूठ वळत नाही, त्यांना कणीक मळू देऊ नका. मी म्हटलं, तूच सांग तिला. तर म्हणाली, त्या अर्ध्या नर्स आहेत, सुजीतसाठी त्यांनी ते सोडलं. मी नर्स होऊन त्यांना त्यांचं दुखणं कसं सांगू? त्यांना लागेल."

कावेरीने आपल्या बोटांकडे पाहिलं. वर्षभर ती सकाळी ती बोटं गरम पाण्यात बुडवत होती, कुणाला कळू न देता. सदानंदलाही कळलं नव्हतं. ज्या सांध्यांच्या तापापायी तिने सुजीतला वर्षभर उशाशी बसून जपलं, तो काय असतो हे तिला कळत होतं... आणि आपलं दुखणं ओळखणारी एकच व्यक्ती या घरात होती, जिच्या अंगावर हळद दिसत नाही म्हणून ती हसली होती!

सुजीत उठला, त्याने नीमाला हाताला धरलं आणि दोघं निघून गेली. शारजाच्या एका मित्राकडे ते महिनाभर राहिले. नाताळलाही आले नाहीत. कावेरीने करंज्या केल्या नाहीत, तारा टांगला नाही. फक्त सासूबाईंना घेऊन ती हॉस्पिटलात गेली आणि पहिल्यांदाच आपले हात तिने डॉक्टरांपुढे टेबलावर ठेवले.

जानेवारीचा पहिला शुक्रवार. चांदीचा पेला तिने स्वतः चिंचेने घासला होता. ट्रे दिसत नव्हते. प्रमिलाबाईंनी भुवया उंचावल्या, "अगं, फिंजान कुठायत?"

"आणले नाहीत. चव्वेचाळीस अलीमियाँनी परत घेतले. सहा मी ठेवलेत."

"मग आज?"

"आज एकच पेला, बाई. नको असेल त्याने नको घ्यावा."

नीमा आणि सुजीत शेवटच्या रांगेत येऊन बसले होते. सासूबाईंनीच फोन करकरून बोलावलं होतं त्यांना. कावेरी पुढच्या आपल्या खुर्चीपाशी गेली, पर्स उचलली, आणि मधल्या वाटेने मागे चालू लागली. तेवढंच अंतर, पंधरा पावलं असतील... पण तिला वाटलं, आपण नगरपासून इथवर चालत आलो आहोत. गळणाऱ्या एसीखाली नीमाच्या शेजारी ती बसली. थेंब तिच्या खांद्यावर पडला. ती हलली नाही.

पाळकसाहेबांनी मागच्या रांगेला बोलावलं. नीमा पुढे, तिच्यामागे कावेरी, तिच्यामागे सुजीत. नीमाने पेला तोंडाला लावला, कापडाने काठ पुसण्यासाठी पाळकसाहेबांनी हात पुढे केला... आणि कावेरीने तो हात थोपवला. "राहू द्या, पाळकसाहेब. जसा आहे तसाच द्या." काठावर नीमाच्या ओठांची ओल होती. तिथेच ओठ लावून ती प्यायली. मग तिने मागे वळून, सगळ्या मंडळीकडे तोंड करून, मोठ्याने म्हटलं, "गेल्या महिन्यात ट्रे मी लावले होते. फिंजान कमी पडले नव्हते. माझं मन कमी पडलं होतं. नीमा... मला क्षमा कर."

नीमाने कावेरीचे दोन्ही हात धरले, बोटं एकेक करून तपासली, पेरांवर अंगठा फिरवला, आणि आसवांतून हसून म्हणाली, "सूज कमी आहे. गोळी घेता?"

"घेते गं."

पुढच्या रांगांतली काही माणसं उठली आणि गाड्यांकडे निघून गेली. काही पेल्याकडे आली. प्रमिलाबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिल्या.

सुजीत अजून तसाच उभा होता, ओठ आवळून. पेला त्याच्यापुढे आला तरी त्याने हात लावला नाही. तो वहिनीकडे बघत होता, अकरा वर्षांच्या त्या आजारी पोरासारखा. मग अगदी हळू, तिलाच ऐकू जाईल असं तो म्हणाला,

"वहिनी... गरम आहे का गं?"

"नाही रे राजा," कावेरी हुंदक्यातून म्हणाली. "बघितलंय मी. पी."

तो प्यायला.

दार-ए-सलामची नोकरी त्या वर्षी बारगळली नाही, फक्त लांबली. सुजीत आणि नीमा आणखी सहा वर्षं फुजैऱ्यात राहिले, नव्व्याण्णव साली त्यांना मुलगी झाली, तिच्या बारीक वेण्या घालायला कावेरी शिकली, आणि दोन हजार चार साली ते तिघं आफ्रिकेला गेले. सासूबाई त्याआधीच, दोन हजार एकमध्ये, गावी वारल्या. त्यांच्या शेवटच्या पंधरवड्यात दोन्ही सुना उशाशी होत्या, एक औषध देणारी, एक औषधाची वेळ सांगणारी. पाळकसाहेब निवृत्त होऊन तिरुनेलवेलीला गेले, दर नाताळला कार्ड पाठवत राहिले, मग कार्ड यायचं थांबलं. प्रमिलाबाई कॅनडाला गेल्या. तिथून त्यांचं एकच पत्र आलं, त्यात लिहिलं होतं, इथलं चर्च मोठं आहे, पण आमच्या बाकावर कुणी येऊन बसत नाही. कावेरीने त्या पत्राला लांबलचक उत्तर लिहिलं. व्हिलातल्या मंडळीने पुढे नवी इमारत भाड्याने घेतली, आणि तिथे काही वर्षांनी छोट्या पेल्या पुन्हा आल्या, हायजिनसाठी. सगळ्या एकसारख्या होत्या, एवढं मात्र झालं.

सदानंद आणि कावेरी दोन हजार पाचमध्ये नगरला परतले. सदानंदला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कावेरीची बोटं कधी पुरती सरळ झाली नाहीत. भाकर मळणं सुटलं ते सुटलंच. जोवर फुजैऱ्यात होती तोवर नीमा मळायची आणि ती शेजारी पाटावर बसून स्तोत्र म्हणायची.

सहा मातकट फिंजानांपैकी पाच दार-ए-सलामला गेले. सहावा नगरच्या घरात, खिडकीच्या कट्ट्यावर आहे, काठाला एक टवका उडालेला. रोज सकाळी फोन वाजतो, पलीकडून नीमा विचारते, "गोळी घेता?" आणि कावेरी त्या फिंजानात पाणी ओतून, ती ऐकत असतानाच, गोळी घेते.